जैवसक्रिय काच
जिवंत हाडाशी थेट रासायनिक बंध जोडणारी काच. अपघात, जंतुसंसर्ग किंवा हिरड्यांच्या रोगामुळे हाडात पडलेली पोकळी भरण्यासाठी ती भुकटी, कण वा सच्छिद्र ठोकळ्याच्या रूपात वापरतात.

इतिहास : व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याने फ्लॉरिडा विद्यापीठातील लॅरी हेंच यांना १९६७ मध्ये बसप्रवासात विचारले, की शरीर नाकारणार नाही असा पदार्थ करता येईल का? त्यातून १९६९ मध्ये ‘४५एस५’ ही काच घडली. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनंतर ओढूनही निघेनात.

घटक व कार्य : या काचेत वजनाने ४५% सिलिका, प्रत्येकी २४.५% चुना व सोडियम ऑक्साइड आणि ६% फॉस्फरस पेंटॉक्साइड असते. खिडकीच्या काचेतील सिलिका सुमारे ७०% असते. वितळवून केलेल्या काचेत हे प्रमाण ६०% च्या वर गेले, की ती हाडाला जुळत नाही. शरीरद्रवाशी संपर्क येताच सोडियम बाहेर पडतो, पृष्ठभागावर सिलिकेचा जेलसारखा थर तयार होतो आणि त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट साचून हाडातील खनिजासारखे ॲपेटाइट जमते. त्यात कोलॅजेनचे तंतू गुंततात. सुटलेल्या सिलिकॉन व कॅल्शियममुळे हाड घडवणाऱ्या पेशींनाही चालना मिळते.

उपयोग व मर्यादा : मधल्या कानातील हाडांच्या जागी बसवायचे रोपण १९८५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत ९० ते ७१० मायक्रोमीटरचे कण भरतात. फिनलंडमध्ये विकसित झालेली ‘एस५३पी४’ काच भोवतालची आम्लारिता वाढवून जंतूंची वाढ रोखते, म्हणून हाडाच्या जुनाट संसर्गात ती उपयोगी पडते. मात्र काच ठिसूळ असल्याने मांडी किंवा नडगीचा भार ती एकटी पेलू शकत नाही.

भारतातील संशोधन : बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (स्थापना १९०९) के. जे. राव यांनी काचेच्या अंतर्गत रचनेचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचा ‘स्ट्रक्चरल केमिस्ट्री ऑफ ग्लासेस’ हा ग्रंथ २००२ मध्ये निघाला. तेथील पदार्थ संशोधन केंद्रात बिक्रमजित बसू यांनी हाडासाठीच्या सिरॅमिक रोपणांवर काम केले आहे. त्यांना २०१३ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. कोलकात्याच्या सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूटमध्येही जैवसक्रिय काचेवर संशोधन झाले आहे. भार पेलणाऱ्या मोठ्या हाडांसाठी आजही धातूचाच आधार घ्यावा लागतो. पोकळी भरून हाड पुन्हा वाढवण्याच्या कामी ही काच सर्वांत उपयुक्त पदार्थांपैकी एक आहे.