वितळतार आणि माणसाचा जीव

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढच्या वर्षांत गोदाकाठी वीज विहिरींवर गेली, चाळींत शिरली. तिच्यापासून घराचे रक्षण करण्यास नेमला एकच शिपाई: वितळतार. चिनी मातीच्या किटकॅटमध्ये बसणारी ही तार आपण सर्वांनी पाहिली आहे. पाच अँपिअरची वितळतार पाच हजार मिलिअँपिअरपर्यंत निमूट बसून असते. त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका प्रवाह छातीतून काही क्षण गेला तरी हृदयाची लय बिघडते. वितळतार राखते ती वायरिंगला. माणूस तिच्या हिशेबात नाही!

तो हिशेबात आला खाणीमुळे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत विजेचे भय मोठे. हेन्री रुबिन या इंजिनिअरने १९५५ साली २५० मिलिअँपिअर गळतीला तुटणारे यंत्र केले. त्यापूर्वीच्या अशा यंत्रांना सुमारे दहा अँपिअर लागत. १९५६ साली त्याने ते वीस मिलिअँपिअरच्याही आत आणले. तत्त्व सोपे आहे. जाणारी व परतणारी तार एका कड्यातून न्यायची. गेले तितकेच परत आले तर ठीक. कमी आले तर उरलेले कोठेतरी जमिनीत गेले, कदाचित माणसाच्या अंगातून. यंत्र तत्क्षणी वीज तोडते. स्टिलफोंटेन या खाणवस्तीत एक बाई विजेच्या धक्क्याने मरता मरता वाचली, तेव्हा १९५७-५८ मध्ये तेथील काही शे घरांत ही यंत्रे बसली. वर्णभेदाच्या त्या देशात काळे खाणकामगार मुख्यतः कंपाऊंडांत राहत, हे मात्र विसरू नये.

अमेरिकेत चार्ल्स डॅलझील यांनी १९६१ साली असेच साधन सिद्ध केले. तिकडे ते पुढे भिंतीतल्या सॉकेटातच बसवू लागले. एक सॉकेट पुढच्या अनेकांना राखते. म्हणून न्हाणीघरातले सॉकेट मेले तर दाबायचे बटण कधी मोटारीच्या खोलीत सापडते!

आपल्याकडे ते बहुधा मीटरच्या बोर्डावर असते, त्यामुळे शोध उलट्या बाजूने. ते पडले की आधी सर्व पिना काढाव्यात. नुसती बटणे बंद करून भागत नाही, कारण बटण एकच तार तोडते आणि दोष न्यूट्रलमध्येही असू शकतो. मग यंत्र चढवून एकेक उपकरण जोडावे. ज्याने पडेल तो चोर. गीझर, पाण्याची मोटर किंवा इस्त्री. काहीच न जोडता पडले तर ओली भिंत. तेथे वायरमनच हवा. कंटाळून यंत्रच काढून टाकणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

कायद्याने काय केले? १९५६ च्या भारतीय वीज नियमांत पुढे ६१-अ हा नियम आला. त्याने सक्ती केली ती पाच किलोवॅट व त्यावरील जोडण्यांना. २०१० च्या नियमावलीतही हीच मर्यादा राहिली. एक पंखा, दोन दिवे आणि पाण्यात सोडायचा रॉड, एवढ्यावर चालणारे घर त्या रेषेखाली राहिले. रॉडचा शॉक मात्र किलोवॅट विचारीत नाही.

श्रोतेहो, अर्थिंग नसले तरी हे यंत्र काम करते, पण मग माणसाने हात लावल्यावर. अर्थिंग धड असेल तर गळती आधीच जमिनीत जाते आणि हात लागण्यापूर्वीच वीज तुटते. आपली काळी जमीन वैशाखात भेगाळते, सुकते, आणि पट्टीचा मातीशी संबंध सुटतो. तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे, आणि यंत्रावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.