'देस'चं कूळ

इंग्रजीत 'अनपॅक्ड सूटकेस' म्हटलं, की ती अजून भरायची आहे की भरलेली रिकामी केली आहे, हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. स्पॅनिशमध्ये उतरवणाऱ्याला मात्र एक बाजू घ्यावीच लागते. तिकडे बॅग 'भरत' नाहीत, 'करतात'. भरायची राहिलेली ती 'सिन आसेर', म्हणजे न केलेली. उपसून ठेवलेली ती 'देसेचा', म्हणजे केलेली मोडलेली. न शिवलेलं आणि उसवलेलं यांत आपण जो फरक करतो, तोच हा.

इंग्रजीचा हा गोंधळ शोधता शोधता मला कळलं, की तिच्या 'अन'चे पूर्वज दोन आहेत. पहिला निखळ नकाराचा, 'अनहॅपी'तला. आपल्या 'अनोळखी'तला 'अन', ग्रीक 'आन' आणि लॅटिन 'इन' हे त्याचे भाऊबंद. दुसरा 'अनटाय', 'अनफोल्ड'मधला. तो मुळात 'अन' नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो 'ऑन' होता, त्याआधी 'आन्ड', अर्थ 'समोर, उलट'. ग्रीक 'अँटि' आणि संस्कृत 'अन्ति' त्याच्या गोतावळ्यातले. 'आन्सर' या शब्दाच्या तोंडाशी तो अजूनही बसलेला आहे. जर्मनने दोघांना 'उन' आणि 'एन्ट' अशा वेगळ्या खोल्या दिल्या. इंग्रजीत उच्चार झिजले आणि दोघे एकाच नावाने नांदू लागले.

स्पॅनिशमध्ये कामाची वाटणी बरीचशी शाबूत आहे. दुःखी तो 'इन्फेलीस'. गाठ सोडणं ते 'देसातार'. 'इन'ची वंशावळ सरळ लॅटिनला भिडते. भांडण आहे ते 'देस'वरून.

स्पॅनिश अकादमीचा कोश समेट घडवतो: लॅटिनमधले 'दे', 'एक्स', 'दिस' आणि कधीकधी 'ए' हे सगळे प्रवाह मिळून 'देस' झाला. काहीजण 'दे' आणि 'एक्स' यांच्या जोडीला जास्त मान देतात. माझा कौल 'दिस'ला. लॅटिनमधला ऱ्हस्व 'इ' स्पॅनिशमध्ये 'ए' होतो, हा नेहमीचा नियम. त्यामुळे 'दिस'चा 'देस' व्हायला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही. अर्थही जुळतो. 'दिस' म्हणजे फाकून, दोन बाजूंना, आणि त्याचं नातं 'दोन'शी, संस्कृत 'द्विस्'शी जोडतात.

इथे मला आणखी एक मोह होतो. मोनिअर-विल्यम्स यांनी आपल्या संस्कृत कोशात 'वियोग', 'विभाग' यांतला 'वि' हा मूळचा 'द्वि' असावा, असं म्हटलंय. विरोधी मत त्याला इंग्रजी 'वाइड'च्या कुळात बसवतं. मोनिअर-विल्यम्स बरोबर असतील, तर 'देसातार'मधला 'देस' आणि आपला 'वि' चुलतभाऊ ठरतात. ध्वनीच्या हिशेबात विरोधी बाजू भक्कम आहे, हे कबूल. पण अर्थ पाहिला की मन 'द्वि'कडेच ओढ घेतं.

'दिस'चा माझा आवडता साक्षीदार म्हणजे 'देसायुनो', सकाळची न्याहारी. 'आयुनो' म्हणजे उपास; 'देस' लावला की उपास सुटला. बोलीतल्या लॅटिनमध्ये 'दिस'ला उपासाचं क्रियापद जोडून झालेला शब्द जुन्या फ्रेंचमध्ये झिजून 'दिस्नेर' झाला आणि तिथून इंग्रजीत 'डाइन', 'डिनर' आले. म्हणजे इंग्रजीत रात्री जेवतात तोही मुळात सकाळी सोडलेला उपासच!

विरोधकांकडेही साक्षीदार आहेत. लॅटिनमध्ये 'नूदुस' म्हणजे नागडा. 'देस' नेहमी उलटच करत असता, तर 'देस्नूदो' म्हणजे कपडे घातलेला झाला असता. पण त्याचाही अर्थ नागडाच, कारण तिथे लॅटिनमधला 'दे' दडलाय. 'देस्पेर्तार', म्हणजे जागं होणं, यात 'एक्स' आहे. हे दोन्ही मी मान्य करतो. तरी घर 'दिस'चं, बाकीचे पोटभाडेकरू, असंच मी म्हणेन.

खरी अडचण पुढे आहे. अनोळखी तो 'देस्कोनोसीदो', असमान तो 'देसिग्वाल'. इथे काहीच उलटवलेलं नाही, नुसता नकार आहे. मग 'इन' कुठे गेला? माझा तर्क असा, की लोकांच्या तोंडी 'इन'चा 'एन' झाला आणि 'आत' या अर्थाच्या 'एन'मध्ये मिसळून गेला. 'एनेमीगो', शत्रू, हा लॅटिनमध्ये 'मित्र नव्हे' असा शब्द होता. आज त्यातला नकार कुणाला ऐकूच येत नाही. रिकाम्या झालेल्या जागी 'देस' शिरला. पुढे पंडितांनी ग्रंथांतून 'इन' परत आणला, तोवर 'देस'ने बस्तान बसवलं होतं.

म्हणून 'अन' दिसला की भाषांतरकाराने आधी विचारावं: गाठ कधी मारली होती का? मारली असेल तर 'देस' बहुधा दगा देत नाही. मारलीच नसेल तर 'इन'च चालेल याचा नेम नाही. न उघडलेलं पत्र 'सिन आब्रिर', म्हणजे उघडण्याविना. प्रेमळ नसलेला 'पोको आमाब्ले', म्हणजे प्रेमळ कमीच. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाने दोन्ही 'अन' वेगळे क्रमांक देऊन छापलेत. इंग्रजी-स्पॅनिश कोशांनी तेवढंच केलं, तरी निम्मी डोकेदुखी जाईल.