इंग्रजी शिकवायला परदेशी जाताना : १८२७ ची एक अट



आपल्या वारंगा फाट्यावर उभं राहिलं की एक रस्ता कळमनुरी-हिंगोलीकडे जातो, एक अर्धापूर-नांदेडकडे आणि एक हदगाव-उमरखेडवरून यवतमाळकडे. इथल्या माणसाला ‘कुठं निघालात?’ हा प्रश्न नवा नाही. मागच्या महिन्यात हाच प्रश्न आम्हाला एका मुलीनं उलटा विचारला. मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, वर बी.एड. झालेली. हातात एक छापील कागद. परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठी शिक्षक पाठवणारा एक प्लेसमेंट प्रोग्राम आहे, शाळा तेच ठरवून देतात, व्हिसाचंही तेच बघतात, फक्त आधी पैसे भरायचे. वडील म्हणतात, यंदाच्या हळदीचे पैसे देतो. तिनं विचारलं, ‘सर, जाऊ का?’

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तत्त्वज्ञानवाल्याला सरळ उत्तर देता येत नाही, ही त्याची जुनी खोड. तिला म्हटलं, थोडे दिवस दे, आम्ही इतिहास चाळतो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या चाळण्याचा हिशेब आहे.

इंग्रजी शिकवण्यासाठी समुद्रापलीकडे शिक्षक नेमून पाठवायचा, ही कल्पना आजची नाही. आपल्या महाराष्ट्रात ती दोनशे वर्षांपूर्वी येऊन गेली आहे. फरक इतकाच की तेव्हा शिक्षक तिकडून इकडे येत होते.

साल १८२७. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ पासून मुंबईचा गव्हर्नर होता, तो आता परत निघाला होता. मुंबईतल्या प्रतिष्ठित मंडळींनी ठरवलं, याची आठवण म्हणून पुतळा किंवा इमारत नको, शिक्षणासाठी निधी काढू. वर्गणी जमली दोन लाख रुपयांहून अधिक, आणि तीही बव्हंशी इथल्याच लोकांची. त्या व्याजावर प्राध्यापकांच्या जागा निर्माण करायच्या, इंग्रजी भाषा आणि युरोपातली शास्त्रं शिकवायची, आणि त्यासाठी विलायतेतून माणसं आणायची, असा ठराव झाला.

पण त्या ठरावात एक अट होती, आणि आमच्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा तिथंच आहे. अट अशी की या जागा विलायतेच्या माणसांकडे कायमच्या राहणार नाहीत. या देशातली माणसं त्या सांभाळण्याइतकी तयार होतील, तोपर्यंतच. म्हणजे बघा, ज्या दिवशी शिक्षक बोलवायचं ठरलं, त्याच दिवशी त्याच्या परतण्याची सोयही कागदावर लिहून ठेवली.

माणसं यायला आठ वर्षं लागली. १८३५ मध्ये आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार आणि जॉन हार्कनेस हे दोघे प्राध्यापक मुंबईत उतरले. एक शास्त्रं शिकवणार, दुसरा साहित्य. दुसऱ्या वर्षी टाऊन हॉलमध्ये वर्ग सुरू झाले. आणि त्यांच्याही आधी, १८३४ मध्येच, सहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली ती पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांची. वय बावीसच्या आसपास! दोन वर्षांपूर्वीच, ६ जानेवारी १८३२ ला, त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं होतं. त्यात एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी मजकूर असे. ज्याला इंग्रजी शिकायचं त्यानं शेजारचा रकाना बघावा. अशा रीतीनं, विलायतेचा शिक्षक बोटीतून उतरण्याआधीच इथला एक शिक्षक उभा होता.

बाळशास्त्री १८४६ मध्ये गेले, ऐन तारुण्यात. पण त्यांच्या विद्यार्थ्यांत एक दादाभाई नौरोजी होते. १८५० मध्ये ते त्याच एल्फिन्स्टन संस्थेत सहाय्यक प्राध्यापक झाले, आणि १८५५ पर्यंत गणित आणि ‘नॅचरल फिलॉसॉफी’चे पूर्ण प्राध्यापक. त्या काळी भौतिकशास्त्राला फिलॉसॉफी म्हणत, म्हणून आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना दादाभाईंबद्दल जरा जास्तच आपुलकी! १८२७ च्या ठरावातली अट अठ्ठावीस वर्षांच्या आत खरी होऊ लागली होती.

पुढची गंमत ऐका. १८५५ मध्ये दादाभाई कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले, आणि लगेच पुढच्या वर्षापासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापक म्हणून शिकवू लागले. इंग्रजी शिकवायला तिकडून माणसं आणली होती. तीस वर्षांत इकडचा माणूस तिकडे जाऊन आपली भाषा शिकवू लागला.

आता याच १८२७ सालातली दुसरी गोष्ट. वर्ष संपता संपता, डिसेंबरात, सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन बाई मुंबईत उतरली. अमेरिकन मिशननं तिला मुलींच्या शाळा चालवायला पाठवलं होतं. अविवाहित बाई, एकटी. तिला इथल्या कोणी बोलावलं नव्हतं. पैसा अमेरिकेतल्या देणगीदारांचा आणि हेतू धर्माचा. हे नाकारायचं कारण नाही. पण तिनं मराठी शिकली आणि मुलींना मराठीतून शिकवलं. पुढे ती अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथंच वारली. तिची नगरची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, आणि १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पाठवणाऱ्यांचा हेतू एक होता, त्यातून निघालं मात्र भलतंच, आणि फार मोलाचं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की चार प्रश्न आपोआप उभे राहतात. शिक्षकाला बोलावलं कोणी? पैसा कोणाचा? ज्यांच्यात जायचं त्यांची भाषा तो शिकणार का? आणि त्याची जागा तिथल्या माणसाला कधी मिळणार? आम्हाला वाटतं, परदेशी शिक्षकाची कोणतीही योजना या चार प्रश्नांवर घासून पाहावी.

तिसऱ्या प्रश्नावरून तर मुंबईत मोठा वाद झाला. १८४० नंतर शिक्षण मंडळ आलं, त्याचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी. त्यांचा सगळा भर इंग्रजीवर. त्याच मंडळात बसून नाना शंकरशेट म्हणत राहिले की सामान्य माणसाला ज्ञान द्यायचं तर त्याच्या भाषेतूनच दिलं पाहिजे. एल्फिन्स्टनच्या निधीला हातभार लावणारा माणूस हे म्हणत होता, हे विसरू नका. इंग्रजी हवी, पण मराठीच्या जागी नको, ही भूमिका आजची नाही.

आणि चौथा प्रश्न, मुदतीचा? तिथं सरकारनं शब्द पाळला नाही. १८९६ मध्ये सरकारी शिक्षण खात्याची नव्यानं रचना झाली. वरची ‘इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस’, तिची भरती विलायतेत. खालची प्रांतिक सेवा, तिची भरती इथं. काम तेच, पगार आणि मान वेगळा. त्याच्या दहा वर्षं आधीच, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसूंनी युरोपियन प्राध्यापकापेक्षा कमी पगार घ्यायला नकार देऊन तीन वर्षं बिनपगारी शिकवलं होतं. १८२७ ची अट ‘तयार होतील तोपर्यंत’ अशी होती. बसू तयार नव्हते, असं कोण म्हणेल?

पुण्यानं दुसरा रस्ता काढला. १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. आगरकरही पाठोपाठ आले. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. शाळेच्या नावातच इंग्लिश, पण शिकवणारे सगळे इथले. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आलेले रघुनाथ परांजपे सरकारी नोकरीमागं न जाता तिथं अल्प वेतनावर प्राचार्य झाले. कोणी जागा देत नसेल तर आपलं घर बांधून त्यात बसायचं, असा हा मार्ग.

तुम्ही म्हणाल, ‘सर, हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं. आमच्या हिंगोलीचं काय?’ रास्त प्रश्न आहे. हिंगोलीत इंग्रज होता, पण तो शिक्षक म्हणून नव्हता. निजामाच्या खर्चानं पोसलेल्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी इथं होती, १९०३ पर्यंत. इंग्रजी आली ती कवायतीच्या हुकुमांतून. राज्यकारभार आधी फारसीत, मग उर्दूत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांना मराठी घरात, उर्दू कचेरीत आणि इंग्रजी लांब कुठंतरी. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र बदललं. नांदेडचं पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय, दोन्ही १९५० ची. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. मुंबईला जे १८३५ मध्ये मिळालं ते आपल्याला सव्वाशे वर्षांनी मिळालं, असं ढोबळ मानानं म्हणता येईल. आणि मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. आज त्या मुलांच्या पिढीतली मुलगी परदेशात इंग्रजी शिकवायचं म्हणते, ही लहान गोष्ट नाही. आम्हाला तिचा अभिमान वाटला, तो इथं सांगून टाकतो.

पण अभिमान वेगळा आणि हिशेब वेगळा. आजच्या जगाकडे तेच चार प्रश्न घेऊन जाऊ.

बोलावतो कोण? जपान १९८७ पासून ‘जेट’ नावाच्या सरकारी योजनेतून परदेशी तरुणांना शाळांत सहशिक्षक म्हणून बोलावतो. दक्षिण कोरियाही बोलावतो, पण तिथं इंग्रजी शिकवण्याच्या नेहमीच्या व्हिसासाठी पासपोर्ट सात देशांपैकीच हवा : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. २०१० मध्ये अमलात आलेल्या भारत-कोरिया करारानं आपल्याकडच्या पात्र शिक्षकांसाठी दार किलकिलं झालं, इतकंच. म्हणजे १८२७ मध्ये मुंबईकरांना वाटलं की इंग्रजी विलायतेच्याच माणसानं शिकवावी, आणि आजही कित्येक ठिकाणी ज्ञानाआधी पासपोर्ट पाहतात. हे त्या मुलीला आधी माहीत असलं पाहिजे.

पैसा कोणाचा? इथं आम्ही थबकलो. ऑर्लेबार-हार्कनेसचा खर्च निधीनं केला, फॅरारबाईंचा मिशननं. १९६१ ते १९७६ या काळात अमेरिकेची ‘पीस कोअर’ भारतात होती. पुढे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन त्यातूनच विक्रोळीत परिचारिका म्हणून राहून गेल्या. तिथंही खर्च त्यांच्या सरकारचा. दोनशे वर्षांच्या या इतिहासात शिक्षकानं जाण्यासाठी आपलं घर गहाण टाकलं, असं आम्हाला दिसलं नाही. आज मात्र शिक्षकच गिऱ्हाईक झाला आहे. ज्या योजनेत शाळेला शिक्षकाची गरज असते, तिथं शाळा खर्च उचलते. जिथं सगळा खर्च शिक्षकाचा, तिथं गरज नेमकी कोणाची, हे विचारावं लागतं.

कायदाही पाहून ठेवा. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, आणि त्यानं घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. नोंदणी ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. कोणी लाखात आकडा सांगितला, नोकरीसाठी पर्यटक व्हिसावर चला म्हटलं, किंवा शाळेचं नाव पैसे भरल्यावर सांगू म्हटलं, तर फाट्यावरूनच घरी परत फिरावं.

उरले दोन प्रश्न. भाषा शिकणार का, आणि जागा कधी सोडणार? हे एजंटला विचारायचे नाहीत, स्वतःलाच विचारायचे. मुलीला आम्ही तेवढंच सांगितलं. ‘बाळा, जा. पण शाळेचा करार आधी हातात घे, हळदीचे पैसे नंतर. जिथं जाशील तिथली भाषा शीक. आणि तुझ्यानंतर तिथलीच एखादी पोरगी तुझा वर्ग घेऊ शकेल, असं शिकवून ये.’

तिनं कागद परत मागितला. आता ती एजंटची नोंदणी तपासते आहे आणि सरकारी योजनांची माहिती काढते आहे. वडिलांनी हळद अजून विकलेली नाही, भाव बघतायत.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा, आम्ही बसलो आहोत.