भाकितांतला पतंग

१८६२ च्या जानेवारींत जेम्स बेटमन या वनस्पतिसंग्राहकाकडून चार्ल्स डार्विनकडे ऑर्किडच्या फुलांची पेटी आली. तींत मादागास्कर बेटावरचें एक पांढरेंशुभ्र, ताऱ्याच्या आकाराचें फूल होतें. त्याच्या मागें चाबकासारखी हिरवी नळी लोंबत होती. डार्विननें ती मोजली, ११.५ इंच भरली, आणि मध काय तो तळच्या दीड इंचांत! एवढ्या खोलवरचा मध प्यावा तरी कोणीं?

डार्विननें आंत बारीक नळकांडें घालून पाहिलें. तें मुळापर्यंत दाबल्यावांचून परागांचे गोळे त्याला चिकटून बाहेर येत ना. त्याच वर्षीं ऑर्किडांवरील ग्रंथांत त्यानें लिहून टाकलें कीं, १०-११ इंच सोंडेचे पतंग मादागास्करांत असलेच पाहिजेत. कांहीं कीटकशास्त्रज्ञांनीं त्याची थट्टा केली.

थट्टेला उत्तर नसलें तरी चालतें. आक्षेपाला द्यावें लागतें. १८६७ मध्यें आर्गाइलच्या ड्यूकनें ऑर्किडांची अद्भुत घडण म्हणजे निर्मात्याच्या योजनेचा पुरावा, असें प्रतिपादन केलें. त्याचें खंडन त्याच वर्षीं आल्फ्रेड वॉलेसनें केलें. ज्या फुलाची नळी अधिक लांब, त्याचा मध गांठण्यासाठीं पतंगाला डोकें फुलाशीं घट्ट दाबावें लागतें, म्हणून त्याचे पराग खात्रीनें चिकटतात. ज्याची सोंड अधिक लांब, त्या पतंगाला मध अधिक मिळतो. अशा रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या दोघेहि एकमेकांना लांबवीत गेले. वॉलेस केवळ तर्कावर थांबला नाहीं. ब्रिटिश म्यूझियममध्यें दक्षिण अमेरिकेंतल्या एका हॉक मॉथची सोंड त्यानें मोजली, ती ९.२५ इंच निघाली. आफ्रिकेंतल्या 'मॉर्गनाय' पतंगाची ७.५. नेपच्यून ग्रह ज्या विश्वासानें शोधला, त्याच विश्वासानें हा पतंग शोधावा, असें त्यानें बजावलें.

१९०३ मध्यें रॉथ्सचाइल्ड व जॉर्डन यांनीं मादागास्करच्या पतंगाचें वर्णन छापलें. गंमत अशी कीं, तो निघाला त्याच मॉर्गनायचा भाऊबंद, फक्त सोंड लांब! नांव ठेविलें 'प्रेडिक्टा', म्हणजे भाकित केलेला. डार्विन १८८२ मध्येंच निवर्तला होता; ऐंशी वर्षांच्या वॉलेसला मात्र हा दिवस दिसला. हा पतंग त्या फुलावर प्रत्यक्ष मध पितांना पाहण्यांत आला तो १९९२ मध्यें. आणि २०२१ मध्यें त्याला मॉर्गनायपासून वेगळी, स्वतंत्र जात मानण्यांत आलें; त्या अभ्यासांतील एका नमुन्याची सोंड २८.५ सेंटिमीटर भरली.