एका जीपची तीन पोरं

"पंधरा लाखात जर्मन गाडी मिळतेय, घेऊन टाकू का?" हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी मला कोणी ना कोणी विचारतंच. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्याला गाड्यांतलंही कळत असणार, असा गावाकडे समज आहे आणि तो मी आजवर खोडून काढलेला नाही :-) या वेळी विचारणारा पुणतांब्याचा मामेभाऊ होता. त्याने दोन गाड्या बघून ठेवल्या होत्या. एक दहा वर्षांची जर्मन एसयूव्ही, दुसरी साधारण तेवढ्याच वयाची फॉर्च्युनर. किंमत जवळपास सारखी. नव्या असताना मात्र पहिलीच्या पैशात दुसऱ्या दोन आल्या असत्या. मग दहा वर्षांत दोघी एकाच भावाला कशा आल्या? उत्तर शोधता शोधता मी दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे गेलो. तेव्हा आजचा लेख इतिहासाचा आहे, गाडीच्या जाहिरातीचा नाही.

पुणतांबा म्हणजे गोदाकाठचं, चांगदेवांच्या समाधीचं गाव. दौंड-मनमाड मार्गावरचं जंक्शन, शिर्डीचा रेल्वेफाटा इथूनच निघतो. जमीन काळी, पीक उसाचं. काळ्या जमिनीचा एक गुण सगळ्यांना माहीत आहे: पावसाळ्यात ती चाक सोडत नाही. बैलगाडी रुतते तिथे मोटारीचं काय घेऊन बसलात. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे या पट्ट्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले. पावसाळ्यात त्या उसापर्यंत जायचं तर बारमाही भरवशाचं वाहन एकच होतं, जीप.

ही जीप आली कुठून? अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. दिसायला डबा, बसायला शिक्षा. पण चारही चाकांना ताकद, आणि बिघडलीच तर पान्हा-हातोडीवर दुरुस्त व्हायची. युद्ध संपलं आणि या जीपा जगभर विखुरल्या. पुढची गंमत अशी, की तीन देशांत तीन कंपन्यांनी याच जीपकडे बघून आपापली गाडी काढली.

इंग्लंडात रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्सच्या अँगलसी बेटावरच्या शेतावर एक युद्धातली जुनी जीप होती. तिच्यावरून लँड रोव्हर सुचली आणि १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. पोलाद रेशनवर होतं म्हणून अंग ॲल्युमिनियमचं. जपानात टोयोटाने 'बीजे' नावाची गाडी बनवली; १९५१ मध्ये ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली आणि १९५४ मध्ये तिचं नाव लँड क्रूझर झालं. तिसरी आपली. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं, आणि त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली.

तर एका जीपची ही तीन पोरं. तिघांचे रस्ते पुढे वेगळे झाले.

इंग्रजी पोरगं साहेब झालं. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली. पहिल्या रेंज रोव्हरच्या आतलं सगळं पाण्याच्या नळीने धुता यावं असं होतं. शेतकऱ्याचीच गाडी, फक्त जरा बऱ्या कपड्यातली. पुढे लाकूड आलं, कातडं आलं, हवेवर चालणारं सस्पेन्शन आलं, आणि नळी कुठे गेली ते कळलंच नाही. जपानी पोरगं आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अरबस्तान असं जिथे दीडदोनशे किलोमीटरवर माणूस भेटत नाही तिथे गेलं. तिथे गाडी बंद पडणं म्हणजे जीवाशी गाठ, त्यामुळे न थांबणं हीच तिची ओळख झाली. आणि आपलं पोरगं गावातच राहिलं. दूध घातलं, वऱ्हाड नेलं, दहा माणसं आत आणि चार टपावर घेऊन काळी-पिवळी म्हणून धावलं.

इथे मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. साखरपट्ट्यात जीपला जो मान होता तो तिच्या रूपामुळे नव्हता. जीप दारात उभी म्हणजे हा माणूस भर पावसात कुठेही पोहोचू शकतो, हा त्याचा अर्थ. डॉक्टर आणायचा तर त्याच्याकडे जा, बाळंतीण न्यायची तर त्याच्याकडे जा. विश्वासार्हता आणि प्रतिष्ठा या दोन वस्तू नव्हत्याच, एकच होती. त्या वेगळ्या झाल्या रस्ते सुधारल्यावर. १९९४ ला सुमो आली (नाव टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांवरून), १९९८ ला सफारी, २००२ ला नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ. आता डांबरी रस्त्यावर कुठलीही गाडी पोहोचत होती. मग मान कशाला? काचा काळ्या, पुढची जाळी मोठी, पाटीवर ४१४१ अशा वळणाने लिहायचं की वाचणाऱ्याला 'दादा' दिसावं.

या वाटेचं टोक पुणतांब्यापासून शंभरेक किलोमीटरवर, औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) दिसलं. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी गट करून एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. ट्रॅक्टरचं कर्ज महाग आणि मर्सिडीजचं स्वस्त, अशी टीकाही झाली. मला त्या खरेदीत मात्र नुसता डौल दिसत नाही. आमच्या गावातही पैसे आहेत, पुण्या-मुंबईलाच काय ते असं समजू नका, हे त्यांना सांगायचं होतं आणि ते सांगून झालं. प्रतिष्ठेला खरी किंमत असते. टेंडरच्या बैठकीला, सोयरिकीच्या बोलणीला, बँकेच्या दारात माणूस कशातून उतरतो हे बघितलं जातं. न बघितल्याचा आव आणणारे तर जास्तच बघतात.

पण ही किंमत पहिला मालक वसूल करतो. मामेभावाच्या सारख्या किमतींचं कोडं इथे सुटतं. नवी गाडी घेणारा दोन वस्तू घेतो, एक मान आणि एक यंत्र. मान पहिल्या तीन-चार वर्षांत खर्च होतो, मग नवं मॉडेल येतं, आणि तो जुनी विकतो. दुसऱ्या मालकाच्या हाती उरतं यंत्र. फॉर्च्युनर भारतात २००९ मध्ये आली, हायलक्स नावाच्या मालवाहू गाडीच्या सांगाड्यावर. तिचा मान जीपसारखाच, न थांबण्याचा. तो मान यंत्राबरोबरच जातो म्हणून तिची किंमत हळू उतरते. आमच्या धंद्यात याला जुनी सिस्टीम गळ्यात घेणं म्हणतात: लायसन्स जवळजवळ फुकट मिळतं, पण ज्याने ती लिहिली त्याचे तासाचे दर मात्र होते तेच.

आणि सुटे भाग तर तासाच्या दरासारखेच. गाडी पाव किमतीत मिळाली म्हणून तिचा कॉम्प्रेसर पाव किमतीत मिळत नाही. हवेच्या सस्पेन्शनच्या रबरी फुग्यांना वयाबरोबर चिरा जातात, हवा गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जातो. बीएमडब्ल्यूच्या २००७ नंतरच्या काही वर्षांच्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंगची साखळी इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. त्या साखळ्या झिजण्याबद्दल बदनाम झाल्या, आणि बदलायची तर आधी गिअरबॉक्स तरी उतरवा नाहीतर इंजिन तरी. फॉर्च्युनर देव नाही. तिच्या पहिल्या पिढीच्या तीन लिटर इंजिनाचे इंजेक्टर महाग आहेत, टायमिंगचा पट्टा दीड लाख किलोमीटरला बदलावाच लागतो, आणि मागचं सस्पेन्शन खड्ड्यात माणूस उडवतं. फरक एवढाच की तिचा पट्टा बदलणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडतो.

दीड लाखावरून आठवलं. पुणतांबा देशाला माहीत झालं ते १ जून २०१७ ला सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे. गावाने ग्रामसभेत ठराव केला, शहरांचं दूध-भाजीपाला अडला, आणि त्याच महिन्यात सरकारने कर्जमाफी जाहीर केली. मर्यादा होती दीड लाख रुपये. संपानंतर माफीची जी मर्यादा ठरली, तेवढी रक्कम जुन्या जर्मन गाडीच्या चार फुग्यांना पुरत नाही. गाडी घेऊ नये असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याने साधंच राहावं, असं शहरात बसून सांगणाऱ्यांचा मला रागच येतो. पण पगारदाराचं बिघडलेलं महिन्याचं गणित पुढच्या एक तारखेला सावरतं. उसाचं बिल कधी येईल ते कारखान्याला विचारावं लागतं, आणि गिअरबॉक्स त्याची वाट बघत नाही. मामांनी हे माझ्यापेक्षा सोपं करून विचारलं: "आरं, ती वैजापूरच्या पुढं उभी राहिली तर आणायला कोण जायचं?"

माझं मत मी मामेभावाला दिलं ते असं. गाडी रोज लागणार असेल, घरात दुसरी गाडी नसेल, आणि अधिकृत वर्कशॉप शंभर किलोमीटरवर असेल, तर फॉर्च्युनर. जर्मन गाडी घ्यायचीच असेल तर तिच्या किमतीचा तिसरा हिस्सा बँकेत वेगळा ठेवायची तयारी असेल तेव्हाच घे. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या सगळ्या नोंदी बघ, नुसता मीटर नको. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी तिच्या चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोज. एखादा कोपरा बसलेला दिसला तर सौदा तिथेच थांबव.

आणि एक, कारण बऱ्याच स्वस्त गाड्या तिकडून येतात. दिल्लीत २०१५ मध्ये हरित लवादाने दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. पुढे त्यात बदल होत गेले, पण मधल्या काळात तिथल्या मोठमोठ्या डिझेल गाड्या देशभर पसरल्या. अशी गाडी श्रीरामपूरला एमएच १७ वर चढवायची तर महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो, आणि तो तुम्ही दिलेल्या पैशांवर नाही, तर गाडीची मूळ किंमत धरून, वयाची वजावट करून लागतो. एजंट हे शेवटी सांगतो. एनओसी हातात आल्याशिवाय विसार देऊ नका.