लिनक्सवर गप्पांसाठी कोणता प्रोग्रॅम?

लिनक्सच्या संगणकावर गप्पांसाठी प्रोग्रॅम निवडताना आधी त्यामागचा प्रोटोकॉल पाहावा, खिडकीचे रूप नंतर. १९९८ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेल्या आणि २००७ मध्ये ‘पिजिन’ झालेल्या प्रोग्रॅममध्ये एओएल, याहू अशा सेवांवरील मित्र एकाच यादीत दिसत. पुढे एओएलची सेवा २०१७ मध्ये, तर याहूची २०१८ मध्ये बंद झाली. पिजिन राहिले, मित्रांची यादी मात्र ओस पडली!

‘एक्सएमपीपी’ (पूर्वीचे जॅबर) या १९९९ पासूनच्या खुल्या प्रोटोकॉलवर कोणा एका कंपनीची मालकी नाही. ई-मेलप्रमाणेच वेगवेगळ्या सर्व्हरवरील खातेदार परस्परांशी बोलू शकतात. त्यासाठी ‘डिनो’ सुटसुटीत आहे. अधिक सुविधा हव्या असल्यास ‘गाजिम’ पाहावे. दोन्हींत ‘ओमेमो’ पद्धतीने संदेश कूटबद्ध करता येतात. अर्थात, समोरच्यानेही एक्सएमपीपीवर यायला हवे, आणि खरी अडचण तीच आहे. मित्रमंडळी सिग्नलवर असतील, तर त्याचा लिनक्ससाठीचा प्रोग्रॅम मिळतो. मात्र तो मोबाइलवरील खात्याशी जोडावा लागतो.

पिजिन वापरणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. त्याच्या दुसऱ्या मालिकेतील आवृत्त्या जतन केलेला पासवर्ड साध्या मजकुरातच ठेवतात. सामायिक संगणकावर तो जतन करू नये.