पाठलाग : कबड्डीतल्या बिनथांब चढाईची कुळकथा

कबड्डीत एका संघाची चढाई संपली की दुसऱ्या संघाने पाच सेकंदांच्या आत आपला गडी पलीकडे धाडायचा असतो. या पाच सेकंदांचीही वाट न पाहता, रिकाम्या हाताने परतणाऱ्या चढाईपटूच्या पाठोपाठच बचावातला एक गडी दम लावून मध्यरेषा ओलांडतो, त्या डावपेचाला पाठलाग म्हणतात. नियमपुस्तकात त्याची स्वतंत्र व्याख्या आहे. सल्लामसलतीला उसंत न देता लगेच हल्ला चढवण्याची कल्पना मैदानी खेळांत अनेक ठिकाणी दिसते. कबड्डीने ती नियमांतच बसवून घेतली.

या वेगाचे मूळ दमात आहे. महाराष्ट्रात हुतूतू म्हणून खेळल्या जाणाऱ्या या खेळात चढाईची लांबी घड्याळ ठरवत नव्हते, चढाईपटूची छाती ठरवत होती. एका श्वासात ‘हुतूतू’ किंवा ‘कबड्डी’चा घोष जितका टिके तितकीच चढाई. घोष तुटला की गडी बाद. त्यामुळे परतणारा गडी बहुधा दमलेला असायचा, आणि त्या क्षणी ताज्या श्वासाचा प्रतिस्पर्धी त्याच्या मागे लागला तर फायदा उघड होता. खेळाचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे प्रकार चालत. संजीवनीत बाद झालेला गडी समोरचा गडी बाद झाल्यावर परत येतो, गामिनीत सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो, आणि अमरमध्ये गडी बाहेर जातच नाही, नुसता गुण मांडला जातो. आजचा खेळ संजीवनीच्या वळणाचा आहे.

गावागणिक बदलणाऱ्या या खेळाला लेखी चौकट महाराष्ट्रातल्या आणि बडोद्यातल्या व्यायामसंस्थांनी दिली. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली नियम प्रसिद्ध करून स्पर्धा भरवली. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते सुधारले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि दोन वर्षांनी पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. खेळ देशभर नेण्यात बुवा साळवी यांचा वाटा इतका मोठा आहे की त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

या लेखी नियमांतल्या दोन कलमांनी पाठलागाला खरी धार आली. पहिले असे की चढाईपटू समोरच्या अंगणात असताना त्याच्याच संघातल्या कोणी त्याला सूचना केली तर प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो. दुसरे असे की एका वेळी एकानेच चढाई करायची. दोघे गेले तर पाळी जाते. म्हणजे पाठलागाला कोण निघणार हे त्या क्षणी ओरडून ठरवता येत नाही, आणि दोघांना एकदमच मोह झाला तरी नुकसान. मामला सरावातच ठरलेला असावा लागतो. बहुतेक संघांत तो कोपऱ्यावरच्या गड्याकडे असतो, कारण परतणाऱ्या चढाईपटूची पाठ किंवा बगल त्याला आधी दिसते. साखळीत शेजारच्याचा हात धरलेला असतो. तो हात सोडणे हीच पुष्कळदा निघाल्याची खूण असते.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हे जवळून पाहता येते. भातकापणी आटोपली की माहुली गडाच्या पायथ्याकडच्या किंवा माळशेज घाटाच्या वाटेवरच्या गावांत रिकाम्या खाचरात वा शाळेच्या पटांगणात मैदान धरतात. माती खणून खडे वेचायचे, पाणी मारून जमीन चोपायची आणि फक्कीने रेषा आखायच्या. अशा मातीवर अनवाणी खेळणारा कसलेला चढाईपटू परतताना पाठ दाखवत नाही. तोंड बचावाकडे ठेवून, एक पाय मागे सरकवत तो मध्यरेषा गाठतो. नवखा गडी मात्र रेषा दोन पावलांवर आली की सुटलो असे समजून वळतो. तोवर कोपऱ्यावरच्याने छाती भरून घेतलेली असते. रेषा ओलांडण्याआधी त्याचा घोष सुरू होतो, वळलेल्या गड्याच्या खांद्याला बोटे लागतात आणि तीन ढांगांत तो परत आपल्या अंगणात येतो. एरवी गड्याला स्पर्श न झाल्यास समोरच्या अंगणातली निदान रेषा ओलांडावीच लागते; स्पर्श झाला की ते बंधन राहत नाही. म्हणून हा गुण इतक्या स्वस्तात पदरात पडतो.

स्वस्त तो समोरच्याच्या विस्कळीत बचावामुळे पडतो. चढाई चालू असताना उरलेले सहा जण आपल्या अंगणात मागे उभे असतात आणि परतलेला गडी एकटाच मध्यरेषेपाशी असतो. आपल्या जागी, कोपऱ्यावर किंवा मध्यात, जाऊन साखळी धरायला त्याला काही क्षण लागतात. पाठलाग त्या क्षणांवरच जगतो. अमेरिकन फुटबॉलमधल्या बिनघोळक्याच्या आक्रमणाचेही गणित हेच आहे. तिथे दोन चालींच्या मध्ये खेळाडू घोळका करून पुढची चाल ठरवतात. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात १८९० च्या दशकात पॉल हबर्ड याने हाताच्या खुणा प्रतिस्पर्ध्याला दिसू नयेत म्हणून असा घोळका केला, असे त्याचे मूळ सांगितले जाते. सिनसिनाटीच्या संघाने सॅम वाइश यांच्या हाताखाली १९८८ च्या हंगामात हा घोळका वारंवार टाळला, आणि पुढे बफेलोच्या संघाने जिम केली याच्या नेतृत्वाखाली तीच पद्धत वापरत सलग चार हंगाम अंतिम सामना गाठला. बचावाला गडी बदलायला आणि रचना लावायला वेळच मिळत नसे. मात्र चाल ठरवणाऱ्याने बचाव पाहताक्षणी निर्णय घ्यायचा आणि बाकीच्यांनी तो एका शब्दावरून ओळखायचा, ही तयारी नसलेल्या संघांना तो वेग पेलला नाही. चारही अंतिम सामने बफेलो हरला, हेही नोंदवायला हवे; वेगाने बचाव विस्कटतो, पण सामना हमखास जिंकून मिळत नाही.

कबड्डीत पुढचा बदल घड्याळाने घडवला. दमाच्या जोडीला चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर गडी बाद. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने ‘करो या मरो’ची ही तिसरी चढाई घराघरांत पोहोचवली. आघाडीवरच्या संघाने रेषेपाशी नाचून वेळ काढायची सोय त्यामुळे आटली. याचा पाठलागावर उलटा परिणाम झाला. रिकाम्या चढाईचीच आखणी करून गेलेला गडी सावध परततो आणि पाठ देत नाही. पुढची चढाई कितवी, हेही दोन्ही संघ मोजत असतात. मॅटवर बूट घालून खेळणाऱ्या गड्याला मागे सरकतानाही मातीपेक्षा पक्की पकड मिळते.

पाठलाग फसतो तेव्हा तो महागात पडतो. निघालेला गडी मुळात बचावपटू असतो. वेगाच्या भरात तो निदान रेषेपलीकडे गेला तर सात जणांच्या मध्ये सापडतो आणि त्याच्या संघाचा कोपरा पुढच्या चढाईला उघडा पडतो. त्यामुळे कसलेले संघ समोर गडी कमी असताना पाठलाग जास्त करतात आणि समोर सातही उभे असताना हात आवरतात. परतणाऱ्या गड्याच्या बाजूने यावर एक साधा तोडगा आहे : रेषा ओलांडल्यावर थांबायचे नाही, तोंड समोर ठेवूनच आपल्या कोपऱ्यापर्यंत मागे जायचे. मागे लागलेला गडी तेवढा आत ओढला गेला की शेजारचा त्याचा घोटा धरतो आणि मध्यरक्षक त्याच्या परतीची वाट अडवतो.